चूक सापडेपर्यंत

दादाची बोट नॉर्वेच्याही वर, बर्फाच्या समुद्रात दिसत होती, आणि दादा स्वतः माझ्या मागं उभा राहून बशीतला चहा पीत होता.

"काय गो बाय, एवढ्या लांब पाठवलंस मला मासळीला?"

वहिनी मोरीजवळ सुरमई कापत बसली होती. ती तशीच ओले हात वर धरून आली आणि स्क्रीनकडे वाकून बघायला लागली.

"स्वेटर तरी न्यायचा मग," ती म्हणाली.

दादाला हसताना ठसका लागला. मी मात्र रडकुंडीला आले होते. महिनाभर खपून लिहिलेला प्रोग्रॅम पहिल्यांदा चालला होता, आमच्या बोटीचा नंबर त्यानं बरोबर ओळखला होता, आणि धक्क्याला बांधलेली बोट पृथ्वीच्या टोकाला नेऊन ठेवली होती. मग लक्षात आलं, अक्षांशाच्या जागी रेखांश घातलाय आणि रेखांशाच्या जागी अक्षांश. दोन शब्दांची अदलाबदल केली. ठिपका खारवलीच्या बंदरात येऊन बसला.

"आलो बाबा घरी," दादा म्हणाला आणि बशी ठेवून जाळी शिवायला निघून गेला.

खारवलीत आमचं घर बंदराच्या वर, डोंगराच्या कडेला होतं. आईवडील लवकर गेले. हरेश्वरदादानं मला वाढवलं, आणि मी सातवीत असताना जयवंतीवहिनी घरात आली तेव्हापासून दोघांनी मिळून. त्यांना मूल झालं नाही. दापोलीला कॉलेजात राहून मी इलेक्ट्रॉनिक्स शिकले आणि तिथंच अर्धवेळ शिकवायला लागले, याचं त्या दोघांना कोण कौतुक. दादा 'भाग्यश्री' बोटीचा मालकही होता आणि ती हाकणारा तांडेलही. खलाशी घेऊन तो चार-चार दिवस समुद्रावर असायचा. ते दिवस वहिनी कसे काढायची ते मी बघितलं होतं. ती बोलायची नाही, पण जेवायचीही नाही धड. कामात काम काढून गच्चीवर जायची आणि पाण्याकडे बघत उभी राहायची.

त्या वर्षी दादाच्या बोटीवर एक नवीन यंत्र बसलं. बोटीचा नंबर, जागा, वेग आणि दिशा ते थोड्या थोड्या वेळानं आपोआप हवेत पाठवत राहायचं, म्हणजे मोठी जहाजं अंगावर येऊ नयेत. मी हे कार्लेकर सरांना सांगितलं. सर जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते, निवृत्त होऊन दापोलीत राहत होते आणि रविवारी आमच्या कॉलेजच्या मुलांना रेडिओ शिकवत.

"मग तू ते घरी बसून पकड की," सर म्हणाले. "रेडिओ विकत घ्यायचा नाही. लिहायचा."

त्यांनी अंगठ्याएवढा एक डोंगल माझ्या हातावर ठेवला. तो लॅपटॉपला लावायचा. हवेतल्या लहरींचे तो फक्त आकडे करून देतो. त्या आकड्यांतून हवी ती लहर गाळून घेणं, तिच्यातले शून्य आणि एक सुटे करणं, त्यांचा संदेश जुळवणं, हे सगळं आपण प्रोग्रॅम लिहून करायचं. यालाच सॉफ्टवेअर रेडिओ म्हणतात. मला प्रोग्रॅमिंग येत होतं ते कॉलेजच्या परीक्षेपुरतं. बाकी सगळं चुकत चुकत शिकले.

आणि चुका तरी किती. अँटेना आधी खिडकीत लावली, तर शेजारच्यांच्या मिक्सरशिवाय काही ऐकू येईना. दादानं गच्चीवर बांबू उभा करून दिला, त्याला पितळेच्या दोन कांड्या बांधल्या, तेव्हा कुठं जहाजं दिसायला लागली. मग भुतं दिसायला लागली. डोंगरावर जहाज, दापोलीच्या एस.टी. स्टँडवर जहाज. प्रत्येक संदेशाच्या शेवटी एक पडताळणीचा आकडा असतो, तो जुळला नाही तर संदेश फेकून द्यायचा, हे मला माहीतच नव्हतं. सर म्हणाले, "गोंगाटातून काय वाट्टेल ते ऐकू येतं विशाखा. माणसालाही येतं. म्हणून पडताळणी."

एकदा तर फारच झालं. प्रोग्रॅम मध्येच अडकला आणि नकाशावरचे ठिपके होते तिथं थिजले. मी कॉलेजात होते. वहिनीला नकाशा बघायची सवय लागली होती. दादाचा ठिपका सकाळपासून हलत नाही म्हणून ती जीव मुठीत धरून बसली. दुपारी दादा पाटी घेऊन दारात उभा राहिला तर तिनं त्याला शिव्याच घातल्या. संध्याकाळी मी आल्यावर मलाही.

"तुझं यंत्र खोटारडं आहे," ती म्हणाली.

"यंत्र नाही वहिनी, मी चुकले."

"मग शीक नीट."

शिकले. आकडे आणखी नीट गाळायला शिकले, प्रोग्रॅम अडकला तर त्यानं आपलं आपण पुन्हा उठावं हे शिकले. सरांनी आणखी एक सवय लावली. संदेश उलगडायच्या आधी डोंगलकडून आलेले कच्चे आकडे जसेच्या तसे साठवून ठेवायचे. "आज तुला जे ऐकू आलं नाही ते उद्या चांगला प्रोग्रॅम लिहिलास की त्याच आकड्यांतून ऐकू येईल," ते म्हणायचे. पावसाळ्यानंतर बोटी पुन्हा समुद्रावर गेल्या तेव्हा वहिनी लॅपटॉपसमोर पाट टाकून लसूण सोलायला लागली होती. गच्चीवर जाणं तिनं सोडलं होतं. दादाच्या बोटीचा लांबलचक नंबर तिला पाठ होता.

दिवाळी होऊन गेल्यावर वादळाची सूचना आली. सगळ्या बोटींना परत बोलावलं. आमच्या बोटी आदल्या संध्याकाळीच माघारी वळल्या होत्या. सकाळी उठलो तर वारा होता, पण घाबरण्यासारखा नाही. मी कॉलेजला गेले नाही. वहिनीनं भात लावला.

"आला का?"

"येतोय. बघ, सरळ येतोय."

ठिपका सरळच येत होता. त्याच्या पुढं-मागं आणखी दोन-तीन बोटींचे ठिपके होते, आणि लांब पश्चिमेला मोठ्या मालवाहू जहाजांची रांग. दुपार व्हायच्या सुमाराला दादाच्या बोटीचा वेग उतरला. मग जवळजवळ शून्य झाला.

"जाळं टाकलं की काय या वाऱ्यात," वहिनी म्हणाली.

थोड्या वेळानं ठिपका करडा झाला. नवीन संदेश आला नाही की तो करडा व्हावा, असं मीच लिहिलं होतं.

"अडकलं बघ तुझं," वहिनी म्हणाली आणि ताटं घ्यायला उठली.

मलाही तेच वाटलं. मी प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू केला. मालवाहू जहाजं एकेक करून नकाशावर परत आली. मागून येणाऱ्या बोटी आल्या. त्या पुढं सरकत होत्या. दादाच्या जागी काही आलं नाही.

मी कार्लेकर सरांना फोन लावला.

"बाकीची दिसतायत?" त्यांनी विचारलं.

"हो."

"ताजी? आत्ताची?"

"हो सर. हलतायत."

"त्याच भागातली, त्याच्याहून लांबची?"

"लांबची पण दिसतायत."

सर म्हणाले, "यंत्राची बॅटरी गेली असेल. असंही असतं. पण तू वेळ घालवू नकोस. शेवटची जागा घेऊन बंदरावर जा."

मी लॅपटॉप छातीशी धरून उतरायला लागले. वहिनी मागून आली, अनवाणी. वळणावर तिनं माझा दंड धरला.

"काय सांगणार तू त्यांना?"

"जागा सांगणार. कुठं शोधायचं ते."

"आणि चुकीची असली तर? तू त्याला बर्फात नेऊन ठेवलं होतंस विशा. भलत्या जागी पाठवशील लोकांना, आणि तो दुसरीकडे वाट बघत राहील."

भीती मलाही तीच होती. समुद्र केवढा असतो ते आम्हा दोघींना माहीत होतं. शोधायला जाणाऱ्या बोटी एकाच ठिकाणी जाऊ शकतात. वारा वाढत होता, उजेड किती वेळ राहील ते ठाऊक होतं. तिथं ती माणसं जातील ते माझ्या शब्दावर, आणि मला हे सगळं येऊ लागून पुरतं वर्षही झालं नव्हतं.

मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत पेडेकरकाका, आमचे चेअरमन, फोनवर होते. दादाचा वायरलेस लागत नव्हता. मी जागा सांगितली.

"ही कुणी दिली?"

"मी काढली. घरच्या रेडिओवर."

काकांनी माझ्याकडे आणि मग वहिनीकडे पाहिलं. "बाय, तटरक्षक दलाला सांगायचं म्हणजे जबाबदारी असते. तू शिकतेयस अजून. खात्री आहे तुझी?"

तेवढ्यात दादाच्या मागून येणारी एक बोट धक्क्याला लागत होती. तिचा ठिपका सकाळभर माझ्या नकाशावर होता. मी पळत गेले. तिच्या तांडेलाला म्हटलं, नाना, सकाळपासून तुम्ही कुठून कुठून आलात ते तुमच्या जीपीएसवर दाखवा. तो भिजलेला, दमलेला माणूस काही न विचारता केबिनमध्ये वळला. त्याच्या यंत्रावरची वाट आणि माझ्या नकाशावरची वाट आम्ही शेजारी धरली. पहिला आकडा जुळला. दुसरा जुळला. तो एकेक वाचत गेला आणि मी मान हलवत गेले. प्रत्येक आकडा जुळताना मला वाटत होतं की आता एक तरी चुकू दे.

मी परत आले आणि काकांना म्हटलं, "खात्री आहे."

वहिनी बाकावर बसून होती. तिनं मान वर केली नाही.

तटरक्षक दलाचे लोक गेले, आणि मी सांगितलेल्या जागेपासून थोडं पुढं, वारा नेत होता त्या बाजूला, त्यांना बोटीवरचे दोन्ही खलाशी सापडले. जाळ्याच्या बोयांना धरून तरंगत होते. बोट उलटून बुडाली होती. दादा नव्हता. दुसऱ्या दिवशी शोधलं, त्याच्या पुढच्या दिवशी वादळामुळं जाता आलं नाही, मग पुन्हा शोधलं.

त्या दोघांतला सुदाम बोलायच्या स्थितीत आला तेव्हा घरी आला. उंबऱ्याच्या आत येईना. तिथंच बसून सांगितलं. वाहत आलेला दोर बोटीखालच्या पंख्यात गुंतला, इंजिन बंद पडलं. तांडेल दुसऱ्या कुणाला उतरू देईना, सुरी घेऊन स्वतः पाण्यात उतरला. बोट लाटांना आडवी झाली होती. एक लाट अशी आली की बोटच त्याच्या बाजूला कलली.

"नंतर दिसला का?" वहिनीनं विचारलं.

"नाही वहिनी."

"मग गेला असं तू कसं म्हणतोस?"

सुदाम काही म्हणत नव्हता. तो नुसता रडत होता.

गावात लोक मला म्हणायचे, तुझ्यामुळं दोन घरं वाचली. सुदामची आई येऊन माझ्या पाया पडायला वाकली, मी तिला कशीबशी धरली. आमच्या घरात मात्र वहिनी हिरव्या बांगड्या घालून, कुंकू लावून वावरत होती. रोज सकाळी माझ्यासमोर चहा ठेवायची आणि विचारायची, "बघतेस ना?"

"काय बघू वहिनी?"

"चूक. कुठंतरी असेल. त्या दोघांची जागा बरोबर आली असेल. पण तुझा दादा नंतर कुठं वाहत गेला, कुणी उचलला, ते तुझ्या यंत्राला ऐकू आलं नसेल. तूच म्हणतेस ना, आज ऐकू आलं नाही ते उद्या येतं."

पाण्यात पडलेल्या माणसाकडे यंत्र नसतं, ते बोटीवर असतं आणि बोटीबरोबर जातं. हे मला कळत होतं. तिलाही कळत असावं. पण त्या दिवसाचे कच्चे आकडे माझ्याकडे पडून होते, आणि ती समोर बसली होती. मी बघायला लागले.

खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं. बोट बुडताना डोळ्यांनी पाहिलेली माणसं गावात होती, तरी रात्रंदिवस मी त्या प्रोग्रॅममध्ये शिरून बसले. सरांना फोन करून विचारायची, फुसका सिग्नल कसा उचलू, वेळेचा मेळ आणखी बारीक कसा बसवू. ते सांगायचे. का विचारतेस असं त्यांनी कधी विचारलं नाही. त्या दिवसांत मी जे शिकले ते आधीच्या सगळ्या महिन्यांत शिकले नव्हते. प्रोग्रॅम इतका चांगला झाला की सर म्हणाले, माझ्या जहाजावरचा सेटसुद्धा एवढं ऐकत नसे. प्रत्येक सुधारणेनंतर तेच आकडे पुन्हा चालवायचे. दादाच्या वाटेवर मधल्या रिकाम्या जागी नवे ठिपके उमटायचे. वाट अधिक भरीव व्हायची. शेवटच्या ठिपक्यानंतर काही नाही.

वहिनी माझ्या शेजारी बसून ओळी वाचायला शिकली. कुठला आकडा नंबरचा, कुठला वेगाचा, तिला समजायला लागलं. शेवटी मी पडताळणीच सैल करून पाहिली. जे संदेश जुळत नव्हते म्हणून फेकले होते तेही दाखव, असं प्रोग्रॅमला सांगितलं. पडदा कचऱ्यानं भरून गेला. भुतांची जहाजं पुन्हा सगळीकडे उगवली.

"थांब," वहिनी म्हणाली. तिनं बोट ठेवलं. "हा नंबर. हा आपला नंबर आहे."

होता. सगळा नंबर बरोबर होता. जागा मस्कतच्या किनाऱ्याजवळची होती.

"बघ," वहिनी हळूच म्हणाली. "तिकडं आहे. तिकडच्या बोटीवाल्यांनी उचललं असेल. फोन नसेल, कागद नसतील. गुजरातची माणसं नाही का अशी महिन्यांनी परत आली."

तिचा चेहरा मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा तसा बघत होते. मी त्या ओळीकडे पाहिलं. गप्प राहायचं, एवढंच करायचं होतं. ती पुढं काही विचारणार नव्हती. मस्कत धरून ती वर्षं काढू शकली असती, आणि तिच्याबरोबर मीही.

"वहिनी, वेळ बघ," मी म्हटलं.

"कसली?"

"या ओळीची वेळ. ही सकाळची आहे. बोट बुडायच्या कितीतरी आधीची. आणि ही तिच्या लगेच आधीची ओळ, आणि ही लगेच नंतरची. या दोन्हींची पडताळणी जुळलीय. दोन्ही वेळेला दादा इथं आहे, आपल्या समोर. घरी येतोय."

ती तिन्ही ओळी वाचत होती. पहिली, मधली, तिसरी. ओठ हलत होते.

"मधेच मस्कतला जाऊन कसा येईल," ती म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली.

"गोंगाट मिसळलाय. नंबर वाचला, जागा बिघडली."

"म्हणजे ही चूक आहे."

"हो."

"आणि बाकीचं?"

मी पडदा खाली, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत सरकवला. ती वाट बघत बसली.

"बाकीचं बरोबर आहे वहिनी. मी सगळं बघितलं. चूक नाही."

तिनं लॅपटॉपवरचा हात काढून मांडीवर ठेवला. "एवढं वर्ष चुकत होतीस," ती म्हणाली. "या एकाच वेळेला चुकायचं होतंस गो."

मग ती उठली, पदर खोचला आणि बाहेर गेली. मला वाटलं गच्चीवर गेली. ती पेडेकरकाकांच्या घरी गेली होती. परत आली ती काकांना बरोबर घेऊन. काका ओटीवर बसले, टोपी काढून हातात घेतली.

"भटजींना निरोप पाठवतो," ते मला म्हणाले. "परवा करून घेऊ."

मला काही समजेना. "काय करून घेऊ?"

"दिवस. दर्भाचा पुतळा करतात अशा वेळी, माणूस मिळाला नाही की." मग त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुला हिनं सांगितलं नव्हतं होय? आम्ही चारदा येऊन गेलो. ही म्हणायची, माझी विशा चूक शोधतेय. ती नाही म्हणेपर्यंत माझ्या घरात दिवस करायचे नाहीत. तिचा शब्द आला की मी येईन. सगळा गाव थांबला होता बाय तुझ्यासाठी."

वहिनी आत चूल पेटवत होती. फुंकणीचा आवाज येत होता. मी एवढे दिवस समजत होते की ती माझ्यावर आशा लावून बसलीय. तिनं तिचा नवरा गेला की नाही हे ठरवायचं काम माझ्यावर सोपवलं होतं, आणि मला त्याचं ओझं होऊ नये म्हणून सांगितलं नव्हतं.

दिवस केले. समुद्राला भरती होती. सुदाम आणि दुसरा खलाशी आले, त्यांनी सगळं उचलाउचलीचं केलं. कार्लेकर सर दापोलीहून आले आणि मागं उभे राहिले. बायकांनी वहिनीच्या बांगड्यांना हात लावायचं म्हटलं तर ती म्हणाली, "मी काढेन माझ्या," आणि एकेक करून, एकही न फोडता काढून तिनं त्या पाण्यात सोडल्या.

घरी आल्यावर तिनं सगळ्यांना वाढलं. लोक गेले. भांडी घासून झाली तेव्हा उन्हं अजून ओटीवर होती. ती माझ्या खोलीत आली, माझ्या खाटेवर आडवी झाली आणि पाय पोटाशी घेतले.

"विशा, मला झोप येतेय," ती म्हणाली. जसं काही ते विचित्र होतं.

"झोप ना."

"तू इथंच बस."

मी बसले. लगेचच तिचा श्वास लांब झाला. इतक्या आठवड्यांत मी तिला झोपलेलं पाहिलं नव्हतं, हे मला तेव्हा जाणवलं. कुणीतरी खालून हाक मारली तर मी दारात जाऊन ओठांवर बोट ठेवलं. परत येऊन खाली जमिनीवर बसले, खाटेला पाठ टेकून, आणि दादा गेल्यावर पहिल्यांदा रडले. तोंडात पदराचा बोळा धरून रडले, ती जागी होऊ नये म्हणून.